प्रवास सुरळीत झाला!

‘प्रवास अगदी सुरळीत झाला हो!’ या वाक्याला माझा जाहीर विरोध आहे. एस.टी. घाटात बंद पडली, लोणच्याची बरणी बॅगेत फुटली, असं कुणी सांगू लागलं की ऐकणारा खुर्ची पुढे ओढतो. सुरळीतवाला मात्र प्रवास सांगतच नाही, मोठेपणा सांगतो.

आमचे साडूभाऊ यातले. पहिलं घर पार्ल्यात, दुसरं दुबईत. पूर्वी मध्यमवर्गीयाचं दुसरं घर म्हणजे कोकणातलं, आणि तेही पाच चुलतभावांच्या सह्यांवाचून अडकलेलं. २००२ साली दुबईने परदेशी माणसाला ठरावीक भागांत घर विकत घ्यायची मुभा दिली आणि चुलतभाऊ नसलेलं घर बाजारात आलं. रिझर्व्ह बँकही माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवू देते. ही मर्यादा मी काउंटरवर बसून लोकांना समजावतो. मला स्वतःला ती कधी आड आलेली नाही.

एकदा त्यांच्याबरोबर मीही गेलो. खरंच सुरळीत! विमान तीन तासांचं, पण तिथलं घड्याळ दीड तास मागे, म्हणजे काट्यांच्या हिशेबाने दीड तासात दुबई! डोंबिवलीहून फोर्टात पोचायला मला तेवढाच वेळ लागतो, आणि बसायला मिळत नाही ते वेगळंच.

साडूभाऊ पुढच्या वर्गात होते, मी माझ्या तिकिटाच्या मानाने मागे. शेजारी एक गवंडी. कुठे उतरणार म्हणून त्यानं विचारलं. मी इमारतीचं नाव सांगताच गडी खुलला. ‘वो? उसका प्लास्टर हमने किया है! कौनसा माला?’

त्याचंही दुसरं घर दुबईतच. फक्त खोली एक आणि माणसं आठ.

आता गंमत बघा. दहावी न झालेल्या कामगाराला आखातात नोकरीला जायचं, तर १९८३ च्या कायद्याप्रमाणे सरकारची आगाऊ परवानगी लागते. हेतू त्याच्या संरक्षणाचा, म्हणजे चांगलाच. पण घर घेणाऱ्याचं चार सह्यांत भागतं आणि घर बांधणाऱ्याची फाइल फिरते! तिथं १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन, उन्हात काम करवून घ्यायला बंदी आहे. हाही नियम चांगला. पण जे ऊन थांबवायला कायदा करावा लागतो, ते साडेबाराच्या आधी काय चांदणं असतं?

तुम्ही म्हणाल, यात साडूभाऊंचा काय दोष? दोष नाही हो, हिशेब आहे. मी बी.कॉम. माणूस. १४९४ साली लुका पाचोली नावाच्या इटालियन साधूने द्विनोंदी पद्धत ग्रंथात छापली. तिचा नियम एकच : एका खाती जमा झालं, की तेवढंच दुसऱ्या कुठल्या तरी खात्याच्या नावे पडतं. जगात सुरळीतपणा फुकट तयार होत नाही. आपल्या वाटचा खोळंबा, घाम आणि रांग कुणीतरी आधीच भोगून ठेवलेली असते.

म्हणून यापुढे ‘प्रवास सुरळीत झाला’ म्हणू नका. ‘माझा त्रास दुसऱ्यानं काढला’ असं म्हणा. कानाला बरं वाटत नाही, पण ताळेबंद जुळतो.