जहाज आपलं, कागद त्यांचा

आपल्याकडच्या बहुतेक वस्तुसंग्रहालयांचा एक समज पक्का झालेला आहे. वस्तू काचेच्या कपाटात ठेवली, खाली पाटी लावली, 'हात लावू नये' असं लिहिलं, की काम संपलं! मग कुणाला त्या वस्तूसारखी दुसरी घडवून बघायची असेल तर तो माणूस संशयित. मी हे जहाजांच्या बाबतीत बोलतोय.

बारामतीच्या माणसाला जहाजांचं काय पडलंय, असं नातेवाईक विचारतातच. खरं आहे. आमच्याकडे पाणी म्हणजे नीरेचा कालवा आणि इंदापूरच्या अंगाला उजनीचा फुगवटा. पण दिवाळीत किल्ला करणाऱ्या पोरांना समुद्र लागतो. सिंधुदुर्ग केला की परातीत पाणी आणि पाण्यात जहाज. ते जहाज एकदा नीट बघा. मागे उंच नक्षीदार माडी, तीन डोलकाठ्या, फुगलेली चौकोनी शिडं... म्हणजे कोलंबसाचंच जहाज, फक्त वर भगवा! पोरांना काय बोल लावायचा? कॅलेंडरवर तेच, मिरवणुकीतल्या चित्ररथावरही तेच.

मराठ्यांची गुराब अशी नव्हती. कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने १७६३ साली छापलेल्या ग्रंथात तिचं वर्णन केलं आहे. बहुतेक गुराबांना दोनच डोलकाठ्या, क्वचित तीन. दोन डोलकाठ्यांची गुराब साधारण दीडशे टनांची, तीनची तीनशे. लांबीच्या मानाने रुंद, उथळ पाण्यात चालणारी, आणि पुढे गोल छातीऐवजी भूमध्य समुद्रातल्या वल्ह्यांच्या जहाजांसारखी लांब पुढे आलेली नाळ. गलबत त्याहून लहान, जास्तीत जास्त सत्तर टनांचं, चाळीस-पन्नास वल्ह्यांवर पळणारं. शत्रूने लिहिलेलं आहे, पण डोळे उघडे ठेवून लिहिलेलं आहे.

एवढ्यावर निबंध होतो, मॉडेल होत नाही. मॉडेलला तीन चित्रं लागतात: जहाज बाजूने कसं दिसतं, वरून कसं दिसतं, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पाव कापावा तसं ठिकठिकाणी आडवं कापलं तर त्याचं पोट कसकसं वळतं. ही वळणं मिळाली की प्लायवूडच्या बरगड्या कापायच्या, त्यांवर सागाच्या पट्ट्या चिकटवायच्या. ती नसतील तर सगळा अंदाज. आणि अंदाजाने केलेलं जहाज हळूहळू कोलंबसाकडेच झुकतं, कारण डोळ्यांसमोर तेवढंच असतं.

आता इंग्रजांकडे बघा. लंडनजवळ ग्रिनिचला त्यांचं राष्ट्रीय सागरी संग्रहालय आहे. तिथे जहाजांचे दहा लाखांहून जास्त आराखडे आहेत. जुन्या लढाऊ जहाजांचे आराखडे बहुतेक एका फुटाला पाव इंच या मापाचे. संकेतस्थळावर जहाजाचं नाव टाकलं की कितीतरी आराखडे लहान आकारात घरबसल्या दिसतात, मोठी प्रत हवी असेल तर पैसे भरून मागवता येते. पौंडातली किंमत पेन्शनरला झोंबते हे कबूल, पण 'तुम्हाला कशाला हवंय?' असं कुणी विचारत नाही.

त्यातल्या एका जहाजाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १७८२ साली इंग्रजांनी 'एबे' नावाचं फ्रेंच लढाऊ जहाज पकडलं. ते आवडलं, म्हणून त्याची मापं काढून आराखडा केला, आणि त्यावरून 'लीडा' वर्गाची जहाजं बांधायला घेतली. ओकचं लाकूड कमी पडू लागलं तेव्हा मुंबईच्या गोदीत सागवानी जहाज बांधायचं ठरलं. आराखडे 'जावा' या जहाजावरून मुंबईला निघाले. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने 'जावा'चा फडशा पाडला, आराखडे तिच्याबरोबर गेले. मग? मग पुन्हा नकला पाठवल्या! जमशेटजी बमनजी वाडियांनी त्यावरून जहाज बांधलं आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ते मुंबईत पाण्यात उतरलं. त्याचं नाव 'त्रिंकोमाली'. आज ते इंग्लंडात हार्टलपूलला उभं आहे, २००१ पर्यंत त्याची सगळी दुरुस्ती झाली. पाव इंची मापाने त्याचं मॉडेल करायचं म्हटलं तर तोफांचा मजलाच तीन फुटांहून थोडा लांब होतो. आमच्या दिवाणावर मावेल, पण घरात परवानगी मिळणार नाही!

शत्रूचं जहाज हातात आलं तर त्याचं माप घ्यायचं, ही अक्कल बघा. आणि आपण? फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाला तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. जाळणारे इंग्रज, पण त्यांना साथीला घेणारे आपले पेशवे. त्या दिवशी नुसती लाकडं जळाली नाहीत. त्या गुराबींचा कागद कुठेच नव्हता, त्यामुळे त्या दोनदा जळाल्या.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं: 'आपल्याकडे आराखडे काढायची पद्धतच नव्हती, सुतार नजरेने बांधायचे, मग संग्रहालयाने द्यायचं काय?' हे उत्तर अर्धं खरं आहे आणि म्हणूनच जास्त धोक्याचं. कागद नव्हता, पण नावा होत्या. त्रिंकोमालीच्या गोदीवर काम केलेल्या जॉन एडाय या इंग्रज गृहस्थाने मलबार, कोरोमंडल आणि सिलोनच्या नावांची वर्णनं आणि चित्रं १८३४ साली रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापली. त्यात आपल्या पश्चिम किनाऱ्याची फत्तेमारी आहे. फ्रेंच नौदलातला पारिस नावाचा अधिकारी जगभर फिरला आणि जाईल तिथल्या होड्यांची मापं घेत गेला. त्याचा ग्रंथ १८४० च्या दशकात पॅरिसला छापला गेला. या दोघांना कुणी सांगितलं होतं? फत्तेमारी आपल्या दारात उभी होती. आपण तिच्यात मीठ आणि कौलं भरत होतो, मोजत नव्हतो. आज कोकणातल्या खाड्यांतून लाकडी नावा कुजताहेत, फायबरच्या येताहेत, आणि नजरेने बांधणारे सुतार एकेक करून जाताहेत. त्यांची नजर कागदावर उतरवायला आता फार वर्षं हातात नाहीत.

माझा स्वतःचा अनुभव एवढाच. एका संग्रहालयात (नाव घेत नाही) काचेआड एका जुन्या नावेची लाकडी प्रतिकृती आहे. पाटीवर 'जहाज' इतकंच. लांबी, मूळ गाव, कुणी केली, काही नाही. मी मापं घेण्याची परवानगी मागितली. 'पीएचडी करताय का?' नाही. 'कुठल्या संस्थेकडून आलात?' कुठल्याच नाही. 'मग अर्ज द्या.' अर्ज दिला, सोबत तिकीट लावलेला लिफाफा. सहा महिन्यांनी दुसरा दिला. दोन्ही लिफाफे अजून तिथेच असावेत, कदाचित त्यांचंही आता जतन चालू असेल! छत्तीस वर्षं पोरांना 'प्रश्न विचारा' म्हणून शिकवलं, आणि सत्तरी उलटल्यावर प्रश्न विचारायला संस्थेचं पत्र लागतं हे कळलं.

'जुनी वस्तू आहे, हात लावून खराब होईल' ही सबब मी समजू शकतो. पण मग एकदाच, तुमच्याच माणसांकडून, तुमच्याच देखरेखीखाली मापं घ्या, तीन बाजूंनी रेखाटन करा, आणि पन्नास-शंभर रुपयांना त्याची प्रत विका. तिकीट खिडकीवर चावीच्या रिंगा विकता, तिथेच ठेवा. त्यानंतर कुणी वस्तूला हात लावायला येणारच नाही. ज्याला हवी त्याला नक्कल देणं हाच वस्तू सांभाळण्याचा उपाय आहे. 'जावा' बुडाली तरी त्रिंकोमाली बांधता आली, ती यामुळेच.

सगळेच झोपलेले आहेत असं म्हणणं अन्याय होईल. आमच्या शेजारच्या फलटणजवळ विंचुर्णीला निवृत्तीनंतर राहिलेले व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांनी १९७८ मध्ये मुंबईत सागरी इतिहासाची संस्था सुरू केली. डॉ. भा. कृ. आपटे यांचा मराठा आरमारावरचा इंग्रजी ग्रंथ १९७३ पासून आहे. आणि आपल्या नौदलाने तर परवा कमालच केली. अजिंठ्याच्या भिंतीवरच्या पाचव्या शतकातल्या जहाजाच्या चित्रावरून, आराखडा नसताना, फळ्या दोरीने शिवून खरं जहाज बांधलं. केरळच्या कारागिरांचे हात आणि मद्रास आयआयटीची तपासणी. २१ मे २०२५ रोजी कारवारला ते 'कौंडिण्य' नावाने नौदलात आलं आणि जानेवारी २०२६ मध्ये पोरबंदरहून मस्कतला पोचलंसुद्धा. कौतुक आहेच. पण म्हणून चित्रावरून अंदाज बांधणं हीच आपली परंपरा आहे असा अर्थ कुणी काढू नये. अजिंठ्याच्या चित्रकाराकडे टेप नव्हती. आपल्याकडे आहे. आणि त्या कौंडिण्यचे आराखडे तरी शाळेतल्या पोराला मागितले तर मिळावेत, एवढी माझी मागणी आहे. त्यावरून किती किल्ल्यांची जहाजं सुधारतील!

बाकी संग्रहालयांची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. माझे दोन जुने विद्यार्थी आता अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतात. त्यांच्याशी बोलून ठरवलंय की सुरुवात घराजवळून करायची. इंदापूर तालुक्यात कुंभारगावच्या काठाला रोहित बघायला जाणाऱ्या लोकांना ज्या होड्यांतून नेतात त्या, आणि मासेमारीच्या. त्या काही आंग्र्यांच्या गुराबी नव्हेत, पण हात बसायला बऱ्या. मे महिन्यात उजनीचं पाणी मागे हटतं, तेव्हा पुष्कळ होड्या कोरड्यावर ओढलेल्या मिळतात आणि तळाची वळणं मोजता येतात. ओळंबा, टेप, पुठ्ठा आणि डबा आम्ही आणू. ज्यांना यायचंय त्यांनी सकाळी सातच्या आत काठावर यावं, दहानंतर तिथे उभं राहवत नाही.