समांतर टेस्टमधील रेस कंडिशन दूर करण्याबाबत मागणीपत्र

प्रति,
मा. व्यवस्थापक, सॉफ्टवेअर विभाग

महोदय,

कोपरगाव परिसरातील साखर कारखाने व पतसंस्थांसाठी डेटाबेस प्रणाली तयार करणारे आणि तपासणारे आम्ही कर्मचारी. वेळ वाचावा म्हणून आपल्याकडे अनेक टेस्ट एकाच वेळी, एकाच डेटाबेसवर चालतात. एक टेस्ट वजनकाट्याच्या पावत्या मोजत असते, तेवढ्यात दुसरी त्याच टेबलात नवी पावती घालते. आकडा जुळत नाही, पहिली फेल होते. हीच रेस कंडिशन. पुन्हा चालवली की पास. मग "झाली ना पास, सोडा पुढं" म्हणून नवी आवृत्ती कारखान्याला जाते.

आमचा आक्षेप इथेच आहे. अशा वेळी कधी टेस्टची मांडणी चुकलेली असते, तर कधी प्रणालीच. दोन लिपिकांनी एका सभासदाची येणेबाकी एकाच क्षणी वाचून आपापली कपात वजा केली, तर नंतरची नोंद आधीची पुसून टाकू शकते आणि उसाचे बिल चुकते. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ नुसार उसाचे पैसे १४ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज. बिल चुकले की हेलपाटे शेतकऱ्याला आणि बोलणी आम्हाला.

टेस्ट एकामागून एक चालवणे हा उपाय नाही. त्यात वेळ जातो आणि प्रणालीतले दोषही झाकले जातात. म्हणून आमच्या मागण्या:

१. प्रत्येक टेस्टला स्वतंत्र स्कीमा व स्वतःचा डेटा मिळावा. सर्व्हरची सेटिंग बदलणाऱ्या टेस्ट तेवढ्या एकट्या चालवाव्यात. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या प्रकल्पातही टेस्ट गट पाडूनच समांतर चालवतात.

२. 'दोन सेकंद थांब' अशा ओळी काढाव्यात. यंत्रावर भार आला की ते दोन सेकंद पुरत नाहीत. अपेक्षित स्थिती आली का, हे ठरावीक मुदतीपर्यंत तपासत राहावे.

३. रीरनमध्ये पास झालेली टेस्ट पास धरू नये. तिचा लॉग आणि त्या वेळी सोबत चाललेल्या टेस्टची यादी जपून कारण शोधावे.

४. येणेबाकी, कपात व पावती क्रमांक यांसाठी व्यवहारांचा क्रम मुद्दाम उलटसुलट करणाऱ्या टेस्ट लिहाव्यात. पोस्टग्रेसच्या मूळ कोडमध्ये त्यासाठी 'आयसोलेशन टेस्टर' आहे.

५. या दुरुस्तीचे तास कामाच्या वेळेत धरावेत.

गाळप सुरू झाल्यावर प्रणालीला हात लावणे अवघड होते. तरी हंगामापूर्वी बैठक घेऊन प्रत्येक मागणीवरील निर्णय लेखी कळवावा, ही विनंती.

आपले,
कर्मचारी संघटनेचे सर्व सभासद, कोपरगाव