पाणी जोखावे

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पावसाचे प्रमाण फार मोठे आहे. महाबळेश्वरास वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक सारा चार महिन्यांतच कोसळतो. माथ्यावरचे हे पाणी उभ्या कड्यांवरून खाली झेपावते व त्याचे धबधबे होतात. रायगड जिल्ह्यातील भिरा गावाजवळचे देवकुंड हे त्यांपैकीच एक होय. गावापासून निघालेली पायवाट रानातून, ओढे ओलांडीत, खडकांवरून चढत जाते. शेवटी कड्यांनी वेढलेला निळसर-हिरवा डोह समोर येतो. घामाने निथळणाऱ्या वाटसरूस त्यात उडी घ्यावीशी वाटली, तर त्यात नवल नाही. पण ती घ्यावी की न घ्यावी?

या प्रश्नास दोन उत्तरे दिली जातात. काही वडीलधारी मंडळी म्हणतात, “डोंगरातले पाणी घातकी, मुलांनी तिकडे फिरकूच नये.” उलट काही तरुणांस वाटते, “भिणारा मनुष्य डोंगरावर जावाच कशाला?” ही दोन्ही मते अपुरी आहेत. पहिल्यात भय आहे, दुसऱ्यात बेफिकिरी आहे. आणि पाण्याची ओळख मात्र दोहोंतही नाही.

डोह कसा घडतो ते पाहिले म्हणजे त्याचा स्वभाव कळतो. सह्याद्रीचा खडक लाव्हारसाच्या थरांवर थर साचून सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तयार झाला. उंचावरून कोसळणारी धार या खडकावर अखंड आघात करते. भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे गरगर फिरून खडक पोखरतात. अहिल्यानगर जिल्ह्यात निघोज येथे कुकडी नदीच्या पात्रात असे घडलेले रांजणखळगे प्रसिद्ध आहेत. म्हणूनच डोहाचा काठ उथळ दिसला, तरी दोन पावलांवर तळ एकाएकी खोल जातो. आणि वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखाली धारदार शिळा दडलेल्या असतात. खोली ठाऊक नसता उंचावरून सूर मारणे म्हणजे डोके खडकावर आपटून घेणे होय.

धारेच्या अगदी खालचे पाणी तर पट्टीच्या पोहणाऱ्यासही दाद देत नाही. त्या फेसाळ पाण्यात हवेचे असंख्य बुडबुडे मिसळलेले असतात. त्यामुळे ते शरीरास नीट तोलून धरीत नाही. कोसळणारी धार जवळ आलेल्यास खाली दाबते. गावच्या विहिरीत पोहण्यात तरबेज असलेल्या मुलानेही ही गोष्ट विसरू नये.

सर्वांत मोठा धोका मात्र डोळ्यांस दिसत नाही. पाऊस वर माथ्यावर पडतो आणि पूर खाली येतो. डोहाकाठी स्वच्छ ऊन असतानाही ओढा पाहता पाहता फुगू शकतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यास भुशी धरणाच्या मागील बाजूच्या धबधब्यात एका कुटुंबातील माणसे अशाच वाढत्या प्रवाहात सापडली. त्यांनी एकमेकांस घट्ट धरून ठेवले. तरीही पाच जणांना प्राणांस मुकावे लागले. त्यांत लहान मुलेही होती. प्रवाह वाढल्यावर अंगचे बळ कामास येत नाही. त्याआधी पाहिलेली खूणच कामास येते.

अशा खुणा पाणी स्वतःच देत असते. निवळ पाणी गढूळ होऊ लागते, त्यात पालापाचोळा व काटक्या वाहून येतात, धारेचा आवाज जड होतो. यांपैकी एकही खूण दिसली, की सामानसुमानाचा विचार न करता पाण्याबाहेर पडून उंच जागी जावे. परतीच्या वाटेवरील ओढा फुगला असेल, तर तो ओलांडण्याची घाई न करता पाणी उतरेपर्यंत थांबावे. गुडघाभर पाणीही वेगात असले, म्हणजे धडधाकट मनुष्याचे पाय उखडते.

पावसाळ्यात अनेक धबधब्यांवर जाण्यास प्रशासन मनाई करते. ती पाळलीच पाहिजे. परंतु डोंगरातल्या प्रत्येक ओढ्यावर पहारा बसविता येणार नाही. जेथे फलक नाही, तेथे मनुष्याचे ज्ञानच त्याचा पहारेकरी असते. म्हणून जाणत्या मोठ्या माणसांबरोबर जावे, गावकऱ्यांस विचारावे आणि पावसाळा सरल्यावर, पाणी निवळल्यावर मग डोहाचा आनंद घ्यावा. ज्या गावकऱ्याची गुरे वर्षानुवर्षे त्या ओढ्यावर पाणी पितात, त्याने “आज उतरू नका” असे सांगितले, तर त्याच्याशी वाद घालू नये.

दोन तास चढून गेल्यावर डोहास केवळ पाहून परत फिरणे जड जाते. सोबती हसतील, असेही वाटते. परंतु सोबत्यांच्या हसण्यास न भिता मागे फिरणे, हेच त्या वेळचे धैर्य होय. डोंगर कोठे जात नाही; डोहही तेथेच राहतो. जो आज पाणी जोखून परत फिरला, तो पुढल्या खेपेस त्यात मनसोक्त पोहू शकतो.