मोजणारा माणूस

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीआधीची गोष्ट. पुण्याहून सुट्टी काढून दिग्रसला आलो होतो. मोहल्ल्यात तक्रार होती की मतदार यादीत बऱ्याच जणांची नावे नाहीत. मी सॉफ्टवेअरवाला. म्हटले, यात काय अवघड आहे? यादी उतरवून घेऊ, घर क्रमांकाप्रमाणे गट पाडू, आणि ज्या घरात एकच मतदार दिसतो ती घरे वेगळी काढू. आपल्याकडे एकटा माणूस सहसा घरात राहत नाही. एकच नाव असेल तर बाकीची गळाली असणार, असा हिशोब.

दोन रात्री गेल्या. शेखचे कुठे ‘शे.’ झालेले, सय्यद तीन प्रकारे लिहिलेला, घर क्रमांकाच्या जागी कुठे शून्य तर कुठे काहीच नाही. तरी शेवटी त्रेचाळीस घरे निघाली आणि मी खूश झालो. सकाळी बारावीत शिकणाऱ्या भाचीला बरोबर घेऊन निघालो. यादीतले पहिलेच घर माझ्या फुफीचे! फुफी खरोखरच एकटी राहते. एक मुलगा नागपुरात, एक पुण्यात, दोघांनीही आपली नावे तिकडे नेलेली. माझ्या प्रोग्रामने ज्यांना ‘गायब’ ठरवले ते मजेत नोकरी करत होते. उलट पुढच्या गल्लीत एका घरात नऊ मतदार, म्हणजे माझ्या लेखी सगळे ठीक. त्याच घरातल्या दोन सुनांची नावे लग्नाला तीन वर्षे होऊनही ना माहेरच्या यादीत होती ना सासरच्या.

मी दारात उभा राहून विचारत होतो, “घरात किती लोक?” लोक गोंधळत होते. भाचीने मला बाजूला सारले आणि विचारले, “चाची, इथे चुली किती?” एका घर क्रमांकात तीन चुली निघाल्या. तीन भाऊ, तीन संसार. एका स्वयंपाकघरातून जेवणारे लोक म्हणजे एक कुटुंब, ही जनगणनेची व्याख्या तिने कुठेतरी वाचली होती. सोळा वर्षांच्या शिक्षणात मला ती कोणी सांगितली नव्हती.

एक मतदार असलेली घरे शोधण्याची युक्तीही माझी नव्हती. २०१८ च्या कर्नाटक निवडणुकीच्या वेळी डॉ. अबूसालेह शरीफ यांनी मतदार याद्या तपासून असाच प्रश्न उभा केला होता, आणि हैदराबादचे सॉफ्टवेअर अभियंता खालिद सैफुल्लाह यांनी त्यासाठी ॲप तयार केले होते. फरक एवढाच की तिथे अभियंत्याच्या जोडीला समाजशास्त्रज्ञ होता. दिग्रसमध्ये मी एकटाच शहाणा.

शरीफ यांचे नाव आपल्या वाचकांना सच्चर समितीमुळे माहीत असते, पण समितीआधीची त्यांची वर्षे मला जास्त महत्त्वाची वाटतात. लोकसंख्याशास्त्र आणि अर्थशास्त्राचा हा माणूस दिल्लीच्या एनसीएईआर या संशोधन संस्थेत घरोघरच्या पाहण्या करत होता. सुमारे ३३ हजार ग्रामीण कुटुंबांच्या पाहणीवर आधारलेला त्यांचा भारताच्या मानव विकासाचा अहवाल १९९९ मध्ये आला. पुढे अमेरिकेतील मेरिलँड विद्यापीठाबरोबर त्याच संस्थेने २००४-०५ मध्ये ४१ हजारांहून अधिक कुटुंबांची पाहणी केली, तिच्यावरच्या ग्रंथाच्या लेखकांतही ते आहेत. वॉशिंग्टनमधल्या अन्न धोरण संस्थेत त्यांनी काम केले. तेलंगणाच्या प्रश्नावर नेमलेल्या श्रीकृष्ण समितीचेही ते सदस्य होते. मोर्चा नाही, भाषण नाही. प्रश्नावली, नमुना, तक्ता, पुन्हा प्रश्नावली.

म्हणून मार्च २००५ मध्ये न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांची समिती नेमली गेली तेव्हा सदस्य सचिव म्हणून नेमका कामाचा माणूस तिथे होता. दीड-पावणेदोन वर्षांत, नोव्हेंबर २००६ मध्ये, अहवाल तयार झाला. त्याची ताकद मला त्याच्या भाषेत दिसत नाही, भाषा सरकारी आणि कोरडीच आहे. ताकद यात आहे की आकडे सरकारचेच होते: जनगणना, राष्ट्रीय नमुना पाहणी, बँका, निरनिराळी खाती. लोकसंख्येत मुस्लिम १३.४ टक्के आणि प्रशासकीय सेवेत ३ टक्के, पोलीस सेवेत ४ टक्के. हे कोणा नेत्याने सभेत म्हटले असते तर रडगाणे ठरले असते. मदरशांबद्दलचा समजही याच अहवालाने मोडला, शाळेच्या वयातली जेमतेम ३ टक्के मुस्लिम मुले तिथे जातात. आकडा नुसता विचारण्याचीही किंमत मोजावी लागते. सैन्यात मुस्लिम किती हे समितीने विचारले तेव्हा २००६ च्या सुरुवातीला केवढा गदारोळ झाला होता!

आकडे आपल्यालाही अडचणीत आणतात. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील मुस्लिमांची साक्षरता ७८.१ टक्के होती आणि राज्याची सरासरी ७६.९. म्हणजे ‘आपली कौम शिकतच नाही’ हे वाक्य निदान इथे खोटे आहे. आपण वाचायला शिकतो, मग कॉलेजपर्यंत पोहोचताना कुठे गळतो, हा खरा प्रश्न. तो शोधायला पुन्हा मोजणारा लागतो. राज्य सरकारने २००८ मध्ये डॉ. महमूदुर रहमान यांची समिती नेमली, टाटा इन्स्टिट्यूटचे प्रा. अब्दुल शाबान तिच्यावर होते, २०१३ मध्ये अहवाल आला. २०१४ च्या पाच टक्के आरक्षणाच्या अध्यादेशाला असे अभ्यास मागे होते, आणि त्यातला शिक्षणाचा भाग उच्च न्यायालयाने रोखला नाही. पुढे त्याचा कायदा झालाच नाही, तो दोष मोजणाऱ्यांचा नव्हे.

या पेशाचे गोडवेच गावे असे नाही. आंतरराष्ट्रीय सल्लागारी म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या संस्था, जागतिक बँक, परदेशी निधी संस्था यांच्यासाठी ठरलेल्या दिवसांत ठरलेला अहवाल लिहून देणे. मला हे काम ओळखीचे वाटते, आम्हीही क्लायंट सांगेल तेच बनवतो. मोबदला चांगला, जग दिसते, पण प्रश्न दुसऱ्याचा आणि बहुतेक वेळा अहवालाची मालकीही दुसऱ्याची. विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्यावर कागद भरपूर लिहिले गेले असतील, त्यातले त्याच्या हाती मराठीत किती पडले? शरीफ यांचे मला पटते ते यासाठी की बाहेरच्या कामात कमावलेले कसब त्यांनी घरच्या प्रश्नाला लावले, आणि सच्चरनंतर काय झाले याचा हिशोब मांडणारे पुस्तकही २०१६ मध्ये लिहिले. अहवाल देऊन हात झटकले नाहीत.

आता जनगणना २०२७ ची आहे आणि तिच्यात जातही विचारली जाणार आहे. बागवान, पिंजारी, तांबोळी, अत्तार, कुरेशी, फकीर यांनी काय सांगायचे, प्रगणकाने काय लिहायचे? पुसद-उमरखेडपासून वणी-पांढरकवड्यापर्यंत सोळा तालुक्यांत हे समजावून सांगू शकतील अशी किती माणसे आपल्याकडे आहेत? अभियंते, फार्मसीवाले, डी.एड. झालेले पुष्कळ सापडतील. लोकसंख्याशास्त्र शिकलेला एकही माझ्या ओळखीत नाही.

भाचीचे अब्बा तिला बी.सी.ए.ला घालणार होते. तिला आधी अर्थशास्त्रात बी.ए. करायचे आहे आणि मग मुंबईला देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेत जायचे आहे. ही १९५६ ची संस्था, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी तीच करते. “मामू, अब्बांना तुम्ही सांगा,” म्हणाली. खरे सांगायचे तर आधीच्या वर्षी मीच त्यांना म्हटले होते, संगणकाकडे घाला, नोकरी पक्की. आता शब्द मागे घ्यायला गेलो तर ते म्हणाले, “म्हणजे पोरगी दारोदार सर्वे करत फिरणार?”

“हो,” म्हटले, “सुरुवातीला फिरणारच.” मग त्यांना फुफीचे घर सांगितले, नऊ मतदारांचे घर सांगितले, तीन चुली सांगितल्या. ते बराच वेळ गप्प होते. नंतर विचारले, त्या दोन सुनांची नावे लागली का? लागली. अर्ज भाचीनेच भरले होते. “आणि देवनारला मुलींचे हॉस्टेल आहे का?” मी फोन काढला आणि शोधू लागलो.