खोकला थोरांचा, संकट तान्ह्यांवर

इंग्लंडमध्ये २०२४ या एका वर्षात डांग्या खोकल्याचे जवळजवळ पंधरा हजार रुग्ण आढळले व अकरा तान्ही बालके दगावली. लसीकरणाची यंत्रणा घरोघर पोहोचलेल्या देशात असे का घडावे? रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक पंधरा वर्षांवरील होते, या एका गोष्टीत आम्हांला त्याचे उत्तर दिसते.

डांग्या खोकला हा केवळ लहान मुलांचा आजार, अशी आपल्याकडे समजूत आहे. वस्तुतः लसीने किंवा प्रत्यक्ष आजाराने मिळालेले संरक्षण आयुष्यभर पुरत नाही. काही वर्षांत ते ओसरते. त्यामुळे मोठ्या माणसाला हा रोग पुन्हा होऊ शकतो. आरंभी साधी सर्दी वाटते, पुढे कित्येक आठवडे खोकला राहतो, आणि हवापालट झाला असेल असे म्हणून आपण तो अंगावर काढतो. नेमक्या त्या सर्दीच्या दिवसांतच संसर्ग सर्वांत अधिक पसरतो. एका घरात राहणाऱ्या व संरक्षण नसलेल्या दहा जणांपैकी आठ-नऊ जणांना तो गाठू शकतो. योग्य प्रतिजैविक पाच दिवस घेतल्यावर संसर्ग थांबतो. खोकला मात्र रेंगाळतो.

तान्ह्या बाळाची गोष्ट निराळी. खोकल्याच्या उबळीनंतर श्वास ओढताना होणारा तो ओळखीचा आवाज त्याच्यात ऐकू येईलच असे नाही. कधी खोकलाही नसतो. बाळाचा श्वास मध्येच थांबतो, ओठ निळे पडतात. अशा वेळी घरगुती चाटण देत बसणे म्हणजे मोलाचे तास गमावणे होय. बाळाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

भारतात पहिली लस सहाव्या आठवड्यात दिली जाते. त्यानंतरच्या मात्रा दहाव्या व चौदाव्या आठवड्यांत. तोवरचे दिवस उघडेच. म्हणूनच ब्रिटनने २०१२ पासून गरोदर मातांना ही लस देण्यास आरंभ केला, जेणेकरून आईचे संरक्षण गर्भातच बाळाला मिळावे. पुढे ती घेणाऱ्या मातांचे प्रमाण घटत गेले व २०२४ ची साथ आली. आपल्या सरकारी दवाखान्यांत गर्भवतीला मिळणारे इंजेक्शन धनुर्वात व घटसर्प यांवरचे असते, डांग्या खोकल्यावरचे नव्हे; हा फरक फार थोड्या कुटुंबांना ठाऊक असतो. डांग्या खोकल्याचा अंतर्भाव असलेली लस खाजगी डॉक्टरांकडे मिळते. तिच्याविषयी गरोदरपणातच विचारून घ्यावे.

लसीवरचा विश्वास ढळला की काय होते, हे जपानने पाहिले आहे. लस टोचल्यानंतर दोन बालके दगावल्यामुळे १९७५ साली तेथे लसीकरण थांबवण्यात आले. ते काही महिन्यांत पुन्हा सुरू झाले खरे, पण पालक फिरकेनात. १९७९ साली सुमारे तेरा हजार रुग्ण व ४१ मृत्यू झाले.

आपल्याकडे बाळ जन्मले की सारा गोतावळा पाहायला येतो. बाप्तिस्म्याच्या दिवशी तर ते या हातातून त्या हातात फिरते. ज्याला सर्दी-खोकला आहे त्याने, मग तो सख्खा आजोबा का असेना, त्या दिवशी दुरूनच बाळाचे कौतुक करावे, आणि घरच्यांनी तसे सांगितल्यास कोणी मनाला लावून घेऊ नये.