तुळजापूरहून विमानाला जाताना: नाव, चेहरा आणि पिशवीतला नारळ

9 जून 2025 ला सोलापूरहून फ्लाय91 चं गोव्याचं विमान सुरू झालं आणि 15 ऑक्टोबरपासून स्टार एअरचं मुंबईचं. तुळजापूरकरांसाठी विमानतळ आता साधारण 45 किलोमीटरवर आलाय. साहजिकच पहिल्यांदा विमानात बसणारे वाढलेत. त्यात माझे आई-बाबाही. तिकीट मी काढलं आणि चूकही मीच केली.

बाबांच्या आधारवर नाव जुन्या पद्धतीने आहे: आधी आडनाव, मग स्वतःचं, मग वडिलांचं. मी तेच शब्द त्याच क्रमाने फॉर्ममध्ये भरले. झालं, आडनाव नावाच्या रकान्यात आणि आजोबा आडनावाच्या! दोन दिवस आधी लक्षात आलं, फोनाफोनी करून दुरुस्त झालं. दारावरचा जवान एखादवेळी समजून घेईल, मशीन नाही घेणार. बोर्डिंग पासच्या बारकोडमध्ये नावासाठी फक्त 20 अक्षरांची जागा असते, आधी आडनाव, तिरकी रेघ, मग नाव. लांब नाव कापलं जातं, त्याचं टेन्शन घेऊ नका. क्रम आणि स्पेलिंग मात्र तिकीट काढतानाच आधारशी ताडून बघा.

त्याच बारकोडमध्ये पीएनआर आणि तारीखही असते. तारीख वर्षातला कितवा दिवस अशी लिहितात, म्हणजे 15 ऑक्टोबर 2025 साठी 288. पहिल्या प्रवासाच्या आनंदात पासचा फोटो स्टेटसला टाकायचा मोह होतो. टाकू नका. बऱ्याच कंपन्यांच्या साइटवर पीएनआर आणि आडनाव एवढ्यावर बुकिंग उघडतं, आणि आडनाव तर फोटोतच छापलेलं.

आता डिजीयात्रा. डिसेंबर 2022 मध्ये दिल्ली, बेंगळुरू आणि वाराणसीत सुरू झालेली ही सोय पुढे पुणे-मुंबईतही आली. आधारवरून ओळख पटते, सेल्फी घेतला जातो, ही माहिती तुमच्या फोनमध्ये राहते. पास जोडला की ती त्या विमानतळाकडे जाते आणि उड्डाणानंतर 24 तासांत पुसली जाते, असं सांगितलं जातं. इथे नावाचा क्रम चुकला तर ॲप पासच घेत नाही.

माझं मत विचाराल तर, महिन्यातून चारदा उडणाऱ्याने वापरावं. वर्षातून एकदा जाणाऱ्या बाबांसाठी मी ते टाकलं नाही. हे चालवणारी संस्था सरकारी खातं नाही. विमानतळ प्राधिकरणाचा वाटा 26 टक्के, बाकीचा पाच मोठ्या विमानतळ कंपन्यांचा. 2024 मध्ये तर लोकांना जुनं ॲप काढून नवं घ्यायला सांगितलं गेलं. चेहरा हा काही पासवर्ड नाही, उद्या बदलता येत नाही. आणि सोय ऐच्छिक आहे, कुणी आग्रह केला तर सरळ ‘नको’ म्हणा, ओळखपत्राची रांग असतेच.

सामानात पॉवर बँक हातातल्याच बॅगेत, खाली पोटात जाणाऱ्या बॅगेत नाही. मर्यादा 100 वॉट-तास. बँकेवर मिलिअँपिअर-तास लिहिलेले असतात, त्याला 3.7 ने गुणून 1000 ने भागा. 20,000 ची बँक 74 वर येते, चालते. आकडे पुसले असतील तर घरीच ठेवा, वाद घालण्यात अर्थ नाही.

आपल्याकडचा खरा प्रश्न नारळाचा आहे. देवीचा नारळ हातातल्या बॅगेत एरवी चालत नाही. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर, ते साठ्यात आपोआप तापून पेटू शकतं, म्हणून आंतरराष्ट्रीय यादीत त्याला धोकादायक मालाचा क्रमांकच आहे, 1363. ऑक्टोबर 2024 मध्ये शबरीमलाच्या भाविकांना 20 जानेवारी 2025 पर्यंत केबिनमध्ये नारळ न्यायची मुभा मिळाली, तीही एक्स-रे, स्फोटकांची चाचणी आणि हाताने तपासणी करून. म्हणजे तपासायचं तंत्र आहे, अडचण तेवढा वेळ आणि माणसं देण्याची. सोलापूरहून जाणाऱ्यांत तुळजापूरचे भाविक असणार हे ठाऊक असताना निदान तिकिटासोबत मराठीत ही सूचना यायला काय हरकत आहे?

चेक-इन साधारण तासभर आधी बंद होतं, त्यामुळे आम्ही दोन तास आधी पोचायचं ठरवलं. आईने कुंकू आणि कवड्यांची माळ सोबत घेतली. नारळ सोलापूरच्या मावशीकडे उतरवला.