कांजी हे चित्र नव्हे: उच्चार गाळणाऱ्या अभ्यासपद्धतीचा प्रतिवाद

१/
जपानी लिपी स्वतःच्या बळावर शिकणाऱ्यांमध्ये एक समज दृढ झाला आहे. कांजी, म्हणजे चिनी लिपीतून जपानीत आलेली अक्षरे, ही चित्रे आहेत. म्हणून आधी प्रत्येकाचा अर्थ एखादी गोष्ट रचून लक्षात ठेवावा, उच्चार मागाहून पाहावेत. वाट सोपी भासते; इतिहासाची साक्ष मात्र तिच्या विरुद्ध आहे.

२/
या मताचे सर्वांत प्रभावी पुरस्कर्ते जेम्स हाइसिग. १९७७ साली प्रथम प्रसिद्ध झालेले त्यांचे पुस्तक प्रत्येक कांजीला एक इंग्रजी शब्द देते. उच्चार पुढच्या खंडासाठी राखून ठेवते. अक्षराचे घटक पाडून पाहण्याची शिस्त त्याने अनेकांना लावली, हे श्रेय त्याचेच. दोष आहे तो उच्चार लांबणीवर टाकण्यात.

३/
इ.स. १०० च्या सुमारास चिनी पंडित शू शेन यांनी नऊ हजारांहून अधिक अक्षरांची फोड करणारा कोश रचला. त्यातील शुद्ध चित्राक्षरे थोडी. बहुसंख्य अक्षरांत एक घटक अर्थ सुचवतो, दुसरा ध्वनी.

४/
‘सेइ’ हे निळ्या-हिरव्या रंगाचे अक्षर घ्या. त्याला पाण्याचा घटक जोडला की ‘निर्मळ’, सूर्याचा जोडला की ‘निरभ्र’, वाणीचा जोडला की ‘विनंती’. तिन्हींचा चिनी वळणाचा उच्चार ‘सेइ’च! नियमाला अपवाद आहेत: मनाचा घटक जोडून होणारे ‘भावना’ हे अक्षर सहसा ‘जो’ असे वाचतात. तरीही एका खुणेवर तीन अक्षरे वाचता येत असताना तीन निरनिराळ्या गोष्टी का पाठ कराव्यात?

५/
खुद्द जपान्यांनी कांजीकडे ध्वनी म्हणून पाहिले, त्यातूनच काना लिपी जन्मली. हिरागानातील ‘अ’ हे ‘शांती’ या अर्थाच्या, तर ‘का’ हे ‘मिळवणे’ या अर्थाच्या कांजीचे धावते रूप. अर्थ बाजूला ठेवून केवळ उच्चार घेतला गेला.

६/
आक्षेप असा की, एका कांजीचे उच्चार अनेक. नवशिक्याने ते कसे पेलावेत? मराठी वाचकाला हे अपरिचित नाही. ‘जलाशय’ आणि ‘पाणपोई’ यांत जल व पाणी एकच, शब्दागणिक रूप वेगळे. तसेच ‘पाणी’ या अर्थाची कांजी एकटी असता ‘मिझु’, तर बुधवार या अर्थाच्या ‘सुइयोबी’त ‘सुइ’. उच्चारांची यादी पाठ करू नये. शब्द शिकावा, उच्चार त्याच्यासोबत येतो.

७/
मग जुनी घोकंपट्टीच बरी काय? तेही नव्हे. जपानी मूल प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत १,०२६ कांजी गिरवते; पण त्यातले बहुतेक शब्द त्याच्या कानावर आधीच पडलेले असतात. परक्या प्रौढाजवळ हे भांडवल नाही. शब्दाविना गिरवणे हा नुसता हाताचा व्यायाम ठरतो.

८/
सामान्य वापरासाठी जपान सरकारने २०१० साली निश्चित केलेल्या यादीत २,१३६ कांजी आहेत. त्या सर्वांचे इंग्रजी अर्थ मुखोद्गत असूनही वर्तमानपत्रातील एक ओळ मोठ्याने वाचता येत नसेल, कळफलकावर उच्चार टंकून शब्द उमटवता येत नसेल, तर ती साक्षरता नव्हे. घटक ओळखावेत, ध्वनीची खूण शोधावी, उजळणीच्या चिठ्ठीवर सुटे अक्षर नव्हे तर उच्चारासह पूर्ण शब्द लिहावा. लिपी पाहण्यासाठी नसते, वाचण्यासाठी असते.